एकेचाळीस कोरडी घड्याळं आणि एक ओलं

आमच्या बंदरात तोकिहिसाइतकी पाणबुड्यांची घड्याळं कुणाकडे नव्हती, आणि तोकिहिसाइतका पाण्याला भिणारा माणूसही दुसरा नव्हता. शाळेपासूनचा मित्र आहे माझा, म्हणून मला बोलायचा अधिकार. चाळीस वर्षं त्याने फेरीबोटीच्या खिडकीत बसून तिकिटं दिली, पण स्वतःवर बोटीत बसायची वेळ आली की मधल्या खांबाला मिठी मारायचा. न्हाणीघरातल्या टबात उतरतानाही डावं मनगट डोक्याच्या वर.

एकेचाळीस घड्याळं होती. कुणी दोनशे मीटर खोल जाणारं, कुणी तीनशे, एक तर हजार मीटरचं. त्यांतल्या एकावरही कधी पावसाचा थेंब पडला नव्हता. खालच्या सहा तातामी चटयांच्या खोलीत, समुद्राकडे तोंड करून, ती काचेच्या कपाटांत बसलेली असत. सगळी ऑटोमॅटिक. म्हणजे मनगट हललं की आतलं वजन फिरतं, वजन फिरलं की स्प्रिंगला चावी बसते. आता एका माणसाला मनगटं दोन. म्हणून रोज सकाळी हा पांढरे हातमोजे घालून एकेकाला बाहेर काढी आणि तान्ह्या बाळासारखे झोके देई. सगळ्यांचे झोके आटपायला दीड तास लागायचा.

त्याची बायको शिगेनो ही आमा, म्हणजे बुड्या मारणारी बाई. सोळाव्या वर्षापासून समुद्राच्या तळाशी बुड्या मारून अवाबीचे शिंपले काढते, आता अडुसष्टची आहे. एका दमात पन्नास सेकंद, दहा-बारा मीटर खाली. घड्याळ तिने जन्मात बांधलं नाही. छातीत जेवढी हवा तेवढा वेळ, असा तिचा हिशोब. मुलं नागोयाला जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी दोघं एकमेकांना आई-बाबाच म्हणतात. आमच्याकडे सगळेच म्हणतात.

गेल्या जुलैत बेचाळिसावं आलं. मला खास बोलावून दाखवलं. मी हातमोजे घालेपर्यंत डबा उघडेना. खरं सांगतो, मला घड्याळातलं काही कळत नाही, पण ते मी खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलं. तबकडी मधोमध निळी आणि कडेला जाता जाता काळी होत गेलेली, आमच्या खडकापाशी पहाटे पाणी असतं तशी. काटे जाड, पोटात चमकणारा रंग भरलेला. भोवतीचं कडं एकाच दिशेने फिरायचं, आणि दर टिचकीला असा नाजूक आवाज की पुन्हा पुन्हा फिरवावंसं वाटे. तोकिहिसा म्हणाला, ते उलटं फिरत नाही यातच शहाणपण आहे. खाली कुठे धक्का बसून कडं सरकलंच, तर शिल्लक हवेचा वेळ कमी दिसेल, जास्त कधीच नाही. आणि हातातून काढून ठेवलं तर सत्तर तास आपलं आपण चालतं.

“खाली म्हणजे कुठे?” चहा घेऊन आलेल्या शिगेनोने विचारलं.

“समुद्रात, आई.”

“कुणाच्या?”

तोकिहिसाने चहा ढवळला. हिरव्या चहात ढवळण्यासारखं काही नसतं.

मग ती जे बोलली ते मी सगळं लिहीत नाही. सारांश असा की तिला आणि किनाऱ्यावरच्या झोपडीत तिच्यासोबत अंग शेकणाऱ्या आमा मैत्रिणींना शेकोटीभोवती गाऊन गाऊन कंटाळा आलाय, त्यांना कराओकेचं यंत्र हवंय, आणि समुद्राकडे तोंड असलेली गावातली सगळ्यात चांगली खोली बेचाळीस भित्र्यांनी अडवून ठेवली आहे. शेवटी तिने पैज लावली. हे नवं घड्याळ ती स्वतः तळाशी नेईल. चालू स्थितीत घरी आलं तर खोली कायमची त्याची, ती पुन्हा ब्र काढणार नाही. नाही आलं तर सगळी कपाटं रिकामी, घड्याळं व्यापाऱ्याकडे.

मी साक्षीदार. तोकिहिसाने हो म्हटलं, कारण नाही म्हणणं म्हणजे बेचाळीस घड्याळांना खोटं ठरवणं होतं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्याने तिच्या मनगटावर घड्याळ बांधलं. शिगेनोची बोट मी चालवतो, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आता संग्राहक लोकांची एक खोड सांगतो. दुकानातून आलेल्या घड्याळावर ओरखडे पडू नयेत म्हणून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, पाठीवर आणि पट्ट्याच्या बकलवर. तुम्ही-आम्ही तो पहिल्या दिवशी काढून टाकतो. हे लोक काढत नाहीत. तोकिहिसाच्या एकेचाळीसही घड्याळांवर तो होता, एकाचा तर वीस वर्षांत पिवळा पडलेला. समुद्रात जातानाही त्याने तो काढू दिला नाही.

शिगेनो हसली, पण तिलाही नवऱ्याचा चेहरा बघवेना. आमच्या आमा डोक्याच्या फडक्यावर जांभळ्या दोऱ्याने चांदणी काढतात, हात न उचलता, एका रेघेत. सुरू होते तिथेच संपते. खाली गेलेली बाई तशीच परत वर यावी म्हणून. शिगेनोने माझ्या खिशातलं मार्कर घेतलं आणि घड्याळाच्या पाठीवरच्या पापुद्र्यावर तशी चांदणी काढून दिली.

“आता बसा निवांत, बाबा.”

तो बसला नाही. धक्क्याच्या टोकाला उभा राहून ती परत येईपर्यंत आमच्याकडे बघत राहिला.

चौदाव्या बुडीला ती वर आली, नेहमीसारखी शीळ घालत श्वास सोडला, आणि शीळ मध्येच तुटली. मनगट रिकामं होतं. कपारीत हात घालून अवाबी उचकटताना काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं, एवढंच तिला आठवत होतं. पुढचे दोन तास तिने एकही शिंपला काढला नाही, फक्त घड्याळ शोधलं; मी वर बोटीत तिची शिंपल्यांची जाळी रिकामी करत होतो. खाली समुद्रशेवाळाचं रान, त्यात काय सापडणार.

तोकिहिसाने कुणाला बोल लावला नाही. घरी जाऊन दुसरं घड्याळ काढलं आणि आम्हाला दाखवलं. बकलवर पापुद्रा असला की बकल मिटल्यासारखं वाटतं, पण टक्क असा आवाज येत नाही. वीस वर्षं कोरड्यात वापरून त्याला तो आवाज ऐकायची गरजच पडली नव्हती.

“माझंच चुकलं,” तो म्हणाला. “मी त्याला कधी नीट बांधलंच नाही.”

सत्तर तास त्याने मोजले. सत्तरावा तास भरला तेव्हा देवघरासमोर बसून एक उदबत्ती लावली. शिगेनोने स्वतःहून पैज सोडली होती, म्हणाली, मरू दे ते कराओके. पण हा ऐकेना. घड्याळ आलं नाही म्हणजे आलं नाही. नागोयाच्या व्यापाऱ्याला फोन करून दहाव्या दिवशी सकाळी खोकी घेऊन यायला सांगितलं. रोजचे झोके मात्र चालू होते. जायच्या आधी कुणी उपाशी राहू नये म्हणे.

आता जे सांगतो ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि माझ्या डोळ्यांबद्दल गावात कुणाचीही तक्रार नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी ऑक्टोपसची मडकी वर ओढत होतो. दोरीला बांधून तळाशी सोडलेली मडकी. ऑक्टोपसला घर वाटतं, तो आत जाऊन बसतो. सव्विसावं मडकं जड आलं. आत डोकावलं तर एक ढोल्या म्हातारा ऑक्टोपस बसलेला, आणि आठांपैकी एका हातावर, अगदी मनगट असतं तर जिथे असतं तिथे, ते निळं घड्याळ. सेकंदाचा काटा सुळसुळ फिरत होता. मी बघतोय हे कळल्यावर त्याने आधी वेळ पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं, कुणी आगाऊ वेळेआधी आला की बघतात तसं.

मी मडकं तसंच तोकिहिसाच्या अंगणात नेऊन ठेवलं.

तो अनवाणी धावत आला. घड्याळ बघितलं, पाठ उलटी केली; चांदणी शाबूत. मग वेळ सांगणाऱ्या ११७ नंबरला फोन लावला. फोनमधली बाई सात वाजून बारा मिनिटं म्हणाली, घड्याळही तेच म्हणत होतं. तोकिहिसा पायरीवर बसला. दुकानातून आलं तेव्हा हे घड्याळ दिवसाला आठ सेकंद पुढे पळायचं, त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. नऊ दिवसांत एका सेकंदाचाही फरक नाही.

“गेंसाकु,” तो मला म्हणाला, “झोके असे द्यायला हवेत. आठ हातांचा माणूस हवा.”

ऑक्टोपस विकायला त्याने साफ नकार दिला. आणि मग, लोकहो, आमच्या बासष्ट वर्षांच्या मैत्रीत जे झालं नव्हतं ते झालं. तोकिहिसा माझ्या बोटीत चढला. खांब नव्हता म्हणून त्याने मला मिठी मारली. खडकापाशी पोचल्यावर मडकं कडेवर घेतलं, ऑक्टोपसला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “नऊ दिवस त्रास दिला, आभारी आहे.” त्याला सोडायला म्हणून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. घड्याळासकट. बराच वेळ बाहेर काढलाच नाही. पाण्याखाली ती तबकडी कशी दिसते ते तो बघत होता, आणि मी त्याला बघत होतो. शाळेत पहिल्यांदा बर्फाचा गोळा खाताना त्याचं तोंड असंच झालं होतं.

व्यापारी दुसऱ्या दिवशी खोकी घेऊन आला. त्याला अंगणात भाजलेल्या समुद्री गोगलगायी खाऊ घालून रिकामा परत पाठवला. त्याच दुपारी तोकिहिसाने एकेचाळीस पापुद्रे आपल्या नखांनी सोलले. फक्त चांदणीचा तेवढा राहू दिला. आणि पैज जिंकलेला हा माणूस स्वतःच जाऊन कराओकेचं यंत्र घेऊन आला. आता शनिवारी दुपारी त्या खोलीत सहा आमा गातात, प्रत्येकीच्या हातात त्याचं एक घड्याळ, ताल धरताना जोरात हलवायचं अशी सक्त ताकीद. तो म्हणतो दीड तासाचं काम सात गाण्यांत होतं.

राहिली एक क्षुल्लक गोष्ट. मडकं आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी धक्क्यावर शिगेनोने मला गाठलं. ऑगस्टचं ऊन, तरी मी लांब बाह्या घातल्या होत्या. तिने काही न विचारता माझी डावी बाही वर सारली. उन्हाने काळ्या पडलेल्या मनगटाभोवती एक पांढरा पट्टा होता, आणि मधोमध पांढरा गोल.

“गेंसाकु-सान, हे काय?”

मी सांगितलं की मडक्यातून काढताना त्या ऑक्टोपसने हाताला विळखा घातला होता, त्याचा वण आहे.

“आणि हा गोल?”

“त्याच्या हाताला वाट्या असतात ना. एक जरा मोठी होती.”

तिने त्या गोलावरून अंगठा फिरवला. मग बाही खाली ओढली, अगदी बोटांपर्यंत, आणि मनगटावरचं बटण स्वतः लावून दिलं.

“महिनाभर खालीच ठेवा,” ती म्हणाली. “बाबा येताहेत समोरून.”