वडिलांसाठी एक वॉल्ट्झ

ग्रँटच्या आईने वर्तमानपत्रात तिथल्या शनिवारच्या गाण्या-बजावण्याबद्दल वाचून लुइझियानातल्या युनिस गावाला जायचं काढलं, तेव्हाच मी आजारी पडायला हवं होतं. उलट मी हसून म्हणाले, छान, मीही कधी पाहिलेलं नाही. ज्या गावात अठरा वर्षं काढली, त्याबद्दल हे.

मिसेस हॉलोवे म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई. ह्यूस्टनला पहिल्याच जेवणात त्यांनी विचारलं होतं, वडील काय करतात? ते भाताच्या खाचरांतून झिंग्यासारख्या क्रॉफिशचे पिंजरे उचलतात, चिखलाच्या रबरी बुटांनिशी जेवायला बसतात, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, वडील गेले. बाई इतक्या हळहळल्या, की शब्द मागे घ्यायची सोयच उरली नाही.

मार्चमधला शनिवार म्हणजे पपा पिंजऱ्यांवर असणार, एवढ्या भरवशावर मी ग्रँट आणि त्याच्या आईबरोबर आले. चार वर्षं मी घरी फिरकले नव्हते. फोनवर ते तब्येतीचं बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. त्यांचा गुडघा कामातून गेलाय आणि शनिवारी सकाळी ते खाटकाच्या दुकानात वाजवायला बसतात, हे मला कळणार कुठून?

काउंटरवर बुडॅनची, आतड्यात भरलेल्या भात-मांसाची वाफ, पुढ्यात खुर्च्यांचं कडं, आणि मधोमध पपा, मांडीवर अकॉर्डियन घेऊन. पायात तेच बूट. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, ते अर्धवट उठलेसुद्धा. मी भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांकडे बघत राहिले. ते खाली बसले.

गाणं संपल्यावर सासूबाई माझा दंड धरून थेट त्यांच्यापुढे गेल्या. "आमची नोएलीही लुइझियानाचीच. वडील नाहीत हो बिचारीला. त्यांना हे किती आवडलं असतं."

कड्यातल्या पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं. फिडलवाले ऑरेलियन तर माझे धर्मपिता, बाप्तिस्म्याला मला त्यांनीच धरलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं निस्तरलं असतं. वेळ भरपूर होता.

पपांनी टोपी काढली. "फार वाईट झालं, बाई," ते मला म्हणाले. "कधी गेले?"

"चार वर्षं झाली."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांच्याही हिशोबाने तेवढीच झाली होती.

ग्रँटने सगळ्यांसाठी बुडॅन आणलं. तो आणि त्याची आई आतड्यासकट काटा-सुरीने कापून खात होते, म्हणून मीही कापायला लागले. पपा लंगडत माझ्याजवळ आले.

"तसं नाही, बाई. टोक तोडायचं, साल दातांत धरायची आणि आतला भात ओढून घ्यायचा. साल चावायची नाही."

तीन वर्षांची असताना याच काउंटरवर बसवून त्यांनी मला हे शिकवलं होतं. शब्दही हेच होते, फक्त तेव्हा शेवटी 'पोरी' म्हणाले होते. मी मुद्दाम हनुवटीवर रस सांडला. ग्रँटने हसत फोटो काढला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी फोटोसाठी हसले.

पपा जागेवर जाऊन बसले. "हा वॉल्ट्झ पाहुण्या बाईंच्या वडिलांसाठी," ते म्हणाले.

गेलेल्या माणसासाठी वाजवतात तेव्हा आमच्याकडे कुणी नाचत नाही, टोप्या उतरतात. टोप्या उतरल्या. ऑरेलियनचा गज मात्र उचलला जाईना. ते पपांकडे बघत राहिले.

"अल्सी, मी नाही वाजवणार हे," ते म्हणाले.

"वाजव रे," पपा म्हणाले. "पोरीचा बाप गेलाय."

मग त्यांनी वाजवलं. माझ्या पपांनी स्वतःसाठीच, शेवटपर्यंत, एकही सूर न चुकता.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि मला जवळ घेतलं. "तुझ्या वडिलांना आवडलं असतं ना गं?"

पपा अकॉर्डियनचा पट्टा लावत होते. त्यांची बोटं थांबली. ते माझ्यासाठी थांबलेत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले. "खूप आवडलं असतं."

त्यांनी पट्टा लावला, टोपी घातली, आणि दारातून आत येणाऱ्या जोडप्याला विचारलं, "या, या. कुठून आलात?"