कोब्याला जुळवलेला नकाशा

बांधकाम कंपनीच्या ट्रेंट हॉलवर्सनने पहिल्याच दिवशी आर्डिसच्या हातात निळं हेल्मेट ठेवलं. "तुझं पांढरं काढून टाक. कारखान्याचे वेगळे, बांधकामाचे वेगळे, असं इथे काही नाही. आपण सगळे एक."

आर्डिसने हेल्मेट उलटं करून पाहिलं. आतल्या पट्ट्याला कुणाचा तरी घाम वाळून चिकटला होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझं डोकं पांढऱ्यातच बरं आहे."

विस्कॉन्सिनमधल्या त्या चीजच्या कारखान्यात ती सत्तावीस वर्षं जंतू शोधत आली होती. आता कारखाना वाढत होता. नव्या इमारतीत एका खोलीत कच्चं दूध टँकरमधून उतरणार होतं, शेजारच्या खोलीत तयार चीज कापून बांधलं जाणार होतं. मध्ये एक भिंत आणि एक दार. स्वच्छतेच्या दाखल्यावर आर्डिसची सही झाल्याखेरीज नव्या इमारतीत दुधाचा थेंबही येऊ शकत नव्हता.

नकाशे आणि बांधकाम, दोन्ही ट्रेंटच्या कंपनीकडे होतं. जुनी इमारत झाली तेव्हा नकाशे काढणारा इंजिनियर कारखान्याचा माणूस होता आणि कंत्राटदारावर तोच नजर ठेवून असे. या वेळचा इंजिनियर, मर्ल स्टुबे, ट्रेंटच्याच पगारावर होता. कारखान्याचा व्यवस्थापक नॉर्ब या पद्धतीवर खूश होता. अर्धे नकाशे झाले की पाया खणायचा, उरलेले मागाहून काढायचे. सात महिने वाचणार होते. त्या सात महिन्यांचं तो काय करणार होता, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

दर मंगळवारी आवारातल्या ट्रेलरमध्ये, बांधकामाच्या चाकांवरच्या कचेरीत, सगळे जमत. आठवड्यात काय चांगलं झालं ते प्रत्येकाने रंगीत चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवायचं. कुणीतरी 'सुसंवाद' लिहीच. मग ट्रेंट टाळ्या वाजवी आणि मोठमोठे पुरुष डोनट खात टाळ्या वाजवत. आर्डिसच्या बहिणीने तीस वर्षं बालवाडी चालवली होती. तिथली मुलं निदान अधूनमधून खरं बोलत.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम शनिवारी उघडणार होता. पुढचे नऊ दिवस सगळे गवंडी रानात, झाडांवरच्या मचाणांत. त्यामुळे दूध उतरवायच्या खोलीचा कोबा आदल्या गुरुवारीच ओतून घेतला. पाणी वाहून नेणाऱ्या स्टीलच्या पन्हळी सोमवारी यायच्या होत्या. त्या बसवायला भिंतीकडेला जागा सोडली होती, पण ती चुकून दाराच्या बाजूला. घाईत ढाळही तिकडेच गेला.

हे आर्डिसला कळलं ते मार्चमध्ये. तिने चेडर चीजला घालायचा केशरी रंग चाळीस लिटर पाण्यात कालवला, दूध उतरवायच्या खोलीत ओतला आणि घड्याळ लावून उभी राहिली. काही पाणी पन्हळीत गेलं. उरलेलं अकराव्या मिनिटाला दाराखालून पलीकडे शिरलं आणि चीज कापायच्या टेबलाखाली जाऊन थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रेलरमध्ये फोटो मांडले. टेबलाभोवती ट्रेंट, नॉर्ब आणि मर्ल होते.

"पण कोबा अगदी नकाशाप्रमाणे आहे," ट्रेंट म्हणाला. "ढाळाचा बाण बघ. दाराकडेच आहे."

"असणारच." तिने आपल्याकडचा ऑक्टोबरचा नकाशा उघडला. त्यावर बाण उलट दिशेला होता. "तुमच्या नकाशावर तारीख शिकार संपल्यानंतरची आहे. इतर लोक नकाशा बघून कोबा घालतात. तुम्ही कोबा बघून नकाशा काढलात."

मर्ल चष्मा पुसत राहिला.

"नकाशा बदलत असतोच गं," ट्रेंट हसला. "दाराखाली एक रबरी पट्टी मारू. अर्ध्या तासाचं काम."

"पोटातलं बाळ मारणारा जंतू आहे लिस्टेरिया. त्याला ओल लागते, गारवा लागतो आणि एक फट. रबर म्हणजे तुम्ही त्याला गादी घालून देताय. ते चीज गरोदर बायका खातात, ट्रेंट."

नॉर्ब खुर्चीत चुळबुळला. "आर्डिस, शुक्रवारी फीत कापायची आहे. अर्धा जिल्हा येतोय, शाळेचा बँडसुद्धा. तू आता सही कर, मग सावकाश दुरुस्त करू. माझ्यासाठी."

"तूच कर. नियमात माझ्या जागी व्यवस्थापकाचीही सही चालते." तिने दाखला त्याच्यापुढे सरकवला.

"चष्मा नाहीये माझ्याकडे."

"मी वाचते. 'मी ही जागा स्वतः पाहिली असून, कच्च्या दुधाकडचं पाणी तयार मालाकडे येत नाही, याची मी खात्री देतो.' सही खाली. तारीख उजवीकडे."

नॉर्बने पेन उचललं. फोटोतल्या केशरी पाण्याकडे पाहिलं. पेन कागदापर्यंत गेलं, टेकलं, एक निळा ठिपका उमटला. मग त्याने पेन खाली ठेवलं आणि शुक्रवारी येऊ नका म्हणून बँडच्या मास्तरांना फोन लावला.

"वा!" ट्रेंट म्हणाला. "याला म्हणतात सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय." आणि तो मनापासून बोलत होता, हे त्यातलं सगळ्यात किळसवाणं होतं.

दुपारी मर्ल खडू घेऊन कोब्यावर आला. आर्डिस दारात उभी होती.

"ढाळ फुटाला पाव इंच, दारापासून लांब," तो म्हणाला. "मी आधी तसाच काढला होता. तुम्ही पाहिलंच आहे."

"पाहिलंय."

"ट्रेंट म्हणाला, कोबा झालाय, नकाशा जुळवून घे. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

"नव्या नकाशावर शिक्का कुणाचा?"

त्याने खडू दुसऱ्या हातात घेतला. तिच्याहून दोनचार वर्षांनी लहान, दोन राज्यांचा परवाना असलेला माणूस.

"तुम्हाला ढाळ कळत नसता, तर मी शिकवला असता," ती म्हणाली. "मला वेळ होता."

मर्ल गुडघ्यांवर बसला आणि कोबा कुठून फोडायचा ती रेघ ओढू लागला. रेघ वाकडी येत होती. आर्डिसच्या हातात लांब पट्टी होती. तिने ती पुढे केली नाही.