जात्याचा दुसरा हात

जरा समजा, पोरांनो, की तुमच्या घरातला पिठाचा डबा रिकामा आहे. गिरणी म्हणाल तर थेट इचोड्याला, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. घरात आहे ते दगडाचं जातं, आणि तेही एवढं थोरलं की एकटीच्या हातानं धड फिरत नाही. दोघी समोरासमोर बसल्या, दोघींनी एकच खुंटा धरला, तरच ज्वारीचं पीठ पडायचं. आलं डोळ्यांसमोर? आता त्या जात्यापाशी तुम्ही एस्तेर होऊन बसा.

एस्तेर दहा वर्षांची. तिची माय बयनाबाई. गावात येशूला मानणारं हे एकच घर. बाप इचोड्याला कापसाच्या गाठी भरायच्या कामावर, तो बाजाराच्या दिवशी तेवढा घरी यायचा. घर एकटं असलं तरी पहाटे बयनाबाईच्या दारात टोपल्या घेऊन बायका असायच्याच, कारण गावात दळणाची सावड चालायची. आज मी तुझ्या दळणाला हात लावते, उद्या तू माझ्या. बयनाबाईच्या सावडीत वरकड म्हणून गोष्टही मिळायची. जात्यात मूठ टाकता टाकता ती येशूची गोष्ट सांगायची, आणि ज्वारी संपली की तिथंच थांबायची. उरलेली उद्याच्या दळणाला.

त्या पहाटे वाटेवरच्या आंधळ्याची गोष्ट रंगली होती. येशू इकडूनच जातो आहे हे कळताच आंधळा हाका मारू लागतो. लोक त्याला दटावतात, गप बस म्हणतात. नेमकी तिथं टोपली रिकामी झाली.

"असं काय करतं वो बयना!" शेजारची वच्छलाबाई वैतागली. "मंग तो गप बसला का नाही?"

"उद्या ये."

"येते. अन् सूपभर ज्वारी जास्तच आणते."

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई आली नाही. कोणीच आलं नाही. हणमंतराव पाटलांनी चावडीवर सांगून टाकलं होतं, की बयनाच्या सावडीला जी जाईल तिच्या जात्याला गावात कोणी हात लावायचा नाही.

"एस्तेर, बस समोर," माय म्हणाली.

एस्तेर उंबऱ्यावरून हलली नाही. पाटलांची नात चारुशीला तिची जिवाची मैत्रीण. दोघींच्या भातुकलीची खापरं चिंचेखाली एकाच खड्ड्यात पुरलेली. काल चारुशीला म्हणाली होती, "तू मायच्या जात्याले बसली, त आजोबा मले तुझ्यासंग बोलू देणार नाहीत."

"माय, नुसतं दळू ना," एस्तेर म्हणाली. "गोष्ट काऊन पाहिजे? गोष्ट सोडली त सगळ्या येतील."

"येतील. अन् मी काय देऊ त्यायले? नुसतं पीठ?"

एवढं बोलून बयनाबाईनं जात्याचा खुंटा उपटला. जात्याचे दोन्ही दगड चाकासारखे गडगडवत तिनं बाहेर नेले आणि दारासमोरच्या विहिरीच्या वाटेवर, भर रस्त्यात, जातं मांडलं. खुंटा परत ठोकला, ज्वारीची टोपली शेजारी ठेवली, पदर खोचला, दोन्ही हातांनी खुंटा धरला आणि ओढायला लागली.

घागरी घेऊन निघालेल्या बायका थबकल्या. पाटीलही आले, चारुशीलाचं बोट धरून.

"बयना, हे काय मांडलं रस्त्यावर?"

"दळण, पाटील."

"दळण घरात करतात."

"घरात समोर बसाले कोणी उरलं नाही. तुमचीच मेहेरबानी."

एक बाई पदरात फसकन हसली. पाटलांचा आवाज चढला. "निजाम गेला. ते गोरे पादरी गेले. आता हैदराबाद राज्यबी मोडलं, मराठवाडा तिकडं मुंबईत अन् आपण आंध्रात. सारं बदलून राह्यलं, अन् तू आपली तेच दळून राह्यली!"

"निजाम गेला तवा तुमची पाटीलकी गेली का?"

"तोंड सांभाळ."

"सांभाळूनच बोलते. पादऱ्यानं मले गोष्ट सांगितली, खरं आहे. पण जाताना तो गोष्ट सामानात बांधून घेऊन गेला नाही. येशू काई निजामाचा तहसीलदार नाही, बदली झाली अन् गेला."

"गावातल्या पोरीबाळी तुझ्याच गोष्टी घोकून राह्यल्या."

"मी कोणाचा देव हिसकला का? कोणाले दोरीनं बांधून बसवलं? ऐकायचं त्यानं ऐकावं, नाही त आपली घागर भरावी. मी सांगणं सोडणार नाही. जातं फोडा, मी टाळ्या वाजवून सांगीन."

"सांग!" पाटील समोरच्या ओट्यावर बसले. "पाहू दे, एकटीच्या हातानं किती ओढते."

बयनाबाईनं ओढलं. जातं अर्धं फिरलं आणि अडलं. "त त्या आंधळ्याले लोक म्हणाले..." तिनं पुन्हा जोर लावला. तिला धाप लागली, गोष्ट तिथंच तुटली. वच्छलाबाईनं घागर खाली ठेवली, एक पाऊल पुढं आली, ओट्याकडं पाहिलं आणि तिथंच उभी राहिली.

एस्तेर उंबऱ्यावरून बघत होती. पलीकडून चारुशीला तिला मानेनं नको नको म्हणत होती. सगळी वाट आंधळ्यासाठी खोळंबली होती, माय घामानं भिजली होती, आणि पुढचं काय ते तिथं मायशिवाय फक्त तिलाच ठाऊक होतं.

एस्तेर उठली. वाट ओलांडून ती मायच्या समोर बसली, पाय पसरले, मायच्या हाताखाली खुंटा धरला आणि ओढला. जातं फिरलं.

"तो गप बसला नाही!" ती ओट्याकडं तोंड करून ओरडली. "आणखीन मोठ्यानं हाक मारली त्यानं!"

मग तिनं टोपलीतली मूठभर ज्वारी जात्यात टाकली, थेट चारुशीलाकडं पाहिलं आणि विचारलं, "पुढचं सांगू का तुले?"