मदतीला आलेली माणसं

दादाने गोळ्या घेणं कधीच सोडलं होतं. बहिणीला ते कळलं तेव्हा स्वयंपाकघरातला नळ खोलून त्याचे सुटे भाग त्याने ओट्यावर मांडून ठेवले होते.

"पाइपातून बोलतायत," तो म्हणाला. "आपल्या घरातलं सगळं खाली जातं, छोटे."

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. हात इतका हलका की काचेवर ओरखडा म्हणून उठायचा नाही. बरा असला की आजाराचीच टर उडवायचा, "डोक्यात भाडेकरू शिरलेत. बाहेर काढायला गेलो तर कोर्टात जातील." त्या दुपारी मात्र हसण्याचं नाव नव्हतं. लोखंडी पाना घेऊन तो बाथरूममध्ये शिरला आणि आतून कडी लावली. मग पाइपावर पाना आपटायला लागला.

बहिणीने दवाखान्यात फोन केला. तिथली बाई म्हणाली, "आधी पोलिसांना कळवा, त्याशिवाय गाडी येत नाही."

तिने पोलिसांना फोन लावला. "तो कुणाला मारत नाहीये हो. आजारी आहे. दवाखान्यात न्यायला मदत पाहिजे."

"हातात काही आहे?"

ती घुटमळली. "पाना आहे."

पलीकडे कुणाला तरी सांगितलेलं तिला ऐकू आलं, "हत्यार आहे म्हणतात."

"हत्यार नाही हो..." ती म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

आधी एकटा म्हातारा हवालदार आला. जिना चढून त्याला धाप लागली होती. टोपी काढून तो बाथरूमच्या दाराशी फतकल मारून बसला.

"काय बोलतायत रे ते?"

आतले ठोके थांबले. मग आतून आवाज आला, "माझंच नाव घेतायत."

"पाणी बंद केलं तर थांबतील?"

"बघा करून."

हवालदाराने बहिणीला खूण केली. तिने स्वयंपाकघराच्या मोरीतला पाण्याचा मुख्य कॉक फिरवला. पाइपात गुरगुरल्यासारखं झालं आणि घर गप्प झालं.

"थांबले," दादा म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "येऊ बाहेर?"

"ये बाबा. पाना माझ्याकडे दे, मग आपण चहा पिऊ."

कडी सरकू लागली. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले, खूप बूट. शेजाऱ्यांची दारं धडाधड लागली. ढाली घेतलेले शिपाई घरात घुसले, मागोमाग तरुण साहेब.

हवालदार गुडघ्यावर हात टेकून उठला. "साहेब, येतोय तो. थोडं थांबा."

"बाजूला व्हा! ए, हत्यार खाली टाक!"

दार फटीएवढं उघडलं. पाना बाहेर आला, मूठ पुढे करून. बहिणीने ते स्पष्ट पाहिलं. दादा तो देत होता. पण ढाल दारावर आदळली, दार त्याच्या हातावर, आणि ते सगळे त्याच्या अंगावर.

बुटांच्या गर्दीतून त्याचा चेहरा तिला दिसला. तो ओरडत नव्हता. एवढंच म्हणाला, "छोटे, तू बोलावलंस?"

दवाखान्याआधी त्याला चौकीत नेलं. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला. हाताला प्लास्टर पडलं, पण बोटं नंतर वळलीच नाहीत. दुकानाच्या मालकाने वाईट वाटून घेतलं आणि दुसरा माणूस ठेवला.

हवालदार एकदा रस्त्यात भेटला. "जबाबात मी पाहिलं तेच लिहिलंय," तो म्हणाला. "साहेब म्हणतात, माझी नजर आता कमी झाली."

दादा घरी आला तो मुकाट. बहीण हातावर ठेवील त्या गोळ्या घ्यायचा. नंतर कधीतरी त्या उशीच्या अभ्र्यात सापडायला लागल्या. एका सकाळी तो पडद्याआड उभा होता, डाव्या हातात भाजीची सुरी.

"समोरच्या गच्चीवर माणसं आहेत," तो कुजबुजला. "कुणाला सांगू नकोस."

गच्चीवर कुणी नव्हतं. तिचा हात फोनकडे गेला आणि तिथेच थांबला.

"नाही सांगत," ती म्हणाली. तिने दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.