विसाव्या दिवशीचं वादळ

दत्ताजीराव मोऱ्यांची गावठी कोंबडी मुंगसाने नेली, तेव्हा तिने अंडी उबवायला घेतल्याचा सतरावा दिवस होता. अकरा अंडी. तिचं एवढंच मागे उरलं होतं. त्यांच्या पत्नी कुसुमावतींनी ती थर्माकोलच्या खोक्यात ठेवली. आत उबेसाठी विजेचा दिवा, पाण्याची वाटी, झाकणाला हवेसाठी चार भोकं.

विसाव्या दिवशी, मे महिन्यातल्या एका दुपारी चार वाजता छाणी गावात वादळ आलं. शेजारचा पत्रा उडाला आणि लाइट गेली.

कुसुमावतींनी स्टीलच्या दोन बाटल्यांत गरम पाणी भरलं, त्या फडक्यात गुंडाळून खोक्यात लावल्या. थोड्या वेळाने एक अंडं मिटलेल्या पापणीला टेकवून पाहिलं. थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता.

"ऊब बरोबर आहे. मी बाकीच्या कोंबड्या बाथरूममध्ये घेते. तुम्ही इथे बसा."

"म्हणजे पहारा?"

"तुमच्या घराण्याला दुसरं येतं काय?"

दत्ताजीरावांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांनी पहारा मनावर घेतला. खिडकीच्या फटीतून वारा येत होता. त्यांनी कपाटातून लग्नाकार्याचा केशरी साफा काढला आणि खोक्याभोवती वेढ्यावर वेढे दिले.

चार कोंबड्या आत घेऊन कुसुमावती चिंब भिजून परतल्या.

"अहो, हे काय?"

"एक फट ठेवली नाही बघ."

"किल्ला आहे का तो? आत पिल्लं श्वास घेतायत!"

त्यांनी भराभर साफा सोडला, झाकण काढलं. आत काहीच हालचाल नव्हती. दत्ताजीराव भिंतीला टेकून उभे राहिले.

"मीच मारली का गं?"

"जरा शांती राखा." कुसुमावतींनी एकेक अंडं कानाला लावलं. चौथं त्यांनी नवऱ्याच्या कानाला लावलं. आतून बारीक टकटक येत होती, मग अगदी पुसट चिवचिव.

"काय म्हणतंय?" दत्ताजीरावांनी कुजबुजत विचारलं.

"आजोबांना खोलीबाहेर काढा म्हणतंय."

ते बाहेर गेले नाहीत. पावणेआठला लाइट येईपर्यंत त्यांनी सहा वेळा पाणी तापवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली. दोन अंडी तशीच राहिली. दत्ताजीराव त्यांच्याकडे बघत बसले.

"ती दोन पहिल्यापासून रिकामीच होती," कुसुमावती न विचारताच म्हणाल्या.

उबवण्याच्या सातव्या दिवशी कुसुमावतींनीच टॉर्च लावून अकराही अंडी तपासली होती. अकराही भरलेली होती.

"खरंच?"

"खरंच. कण्या भिजवा आता, पिल्लांना लागतील."

दत्ताजीराव उठले.