दोन बांबू आणि सुतळी

नाहूर स्टेशनाबाहेरचा बांबूवाला दोनच गिऱ्हाइकं ओळखायचा: मांडववाले आणि मर्तिकवाले. गुणाजी परबने फक्त दोन बांबू आणि सुतळी मागितली, तेव्हा त्याने आवाज खाली आणला आणि न मागता मडकंही पुढे सरकवलं.

"मडकं नको. एरियल उभं करायचंय."

बांबूवाल्याने समजूतदारपणे मान हलवली. दुःखात माणूस काहीही बोलतो.

गुणाजी हॅम होता; म्हणजे सरकारी परवाना काढून घरच्या वायरलेस सेटवरून बोलणारा हौशी माणूस. गिरणी गेली, हौस राहिली. दर रविवारी सकाळी तो देवगडच्या तुळशीदासशी बोलायचा. गिरणीत दोघांचे साचे, म्हणजे माग, शेजारी होते, पण त्या खडखडाटात कधी शब्द ऐकू आला नाही; सगळी दोस्ती हातवाऱ्यांवर. बोलणं सुरू झालं ते तुळशीदास गावी गेल्यावर. आता तो अंथरुणाला खिळलेला, आणि रविवारची वाट बघणं एवढंच काम त्याला उरलेलं.

पण गुणाजी बोलू लागला की बिल्डिंगमधल्या टीव्हीवर रविवारच्या पौराणिक मालिकेतल्या देवांना कापरं भरायचं. सेक्रेटरी भाऊरावांनी गच्चीवरचा खांब काढायला लावला. तीन रविवार मुके गेले. शेवटी तडजोड झाली: मालिकेच्या आधी बोला, आणि बोलून झालं की खांब उचलून घरी न्या.

म्हणून हे बांबू. ते खांद्यावर घेऊन गुणाजी फाटकात शिरला, तोच भाऊराव बनियनवरच धावले आणि मागचं टोक खांद्यावर घेतलं.

"कोण गेलं हो? वहिनी?"

"मी हाय हो इथं!" वरून गुणाजीची बायको वनमाला ओरडली. "लसूण सोलतेय!"

भाऊरावांनी टोक सोडून दिलं; जरा नाराजीनेच.

गुणाजीने डालड्याच्या डब्यात सिमेंट ओतून पाइपचा तुकडा रोवला. बांबूंचा सांधा सायकलच्या ट्यूबने आवळला. रविवारी गच्चीवर डब्यात खांब उभा केला, तीन बाजूंनी सुतळीचे ताण दिले, तार चढवून वर आणलेल्या सेटला जोडली. झकास उभा राहिला.

"तुळश्या, मी गुणाजी. ऐकतोस ना रे?"

खरखर. मग आवाज आला, पण तो देवगडच्याच दुसऱ्या हॅमचा, चंद्रप्रकाशचा.

"गुणाजीभाऊ, पत्र टाकलंय, मिळालं नसेल. तुळशीदास गुरुवारी गेला."

गुणाजीने बोलायचं बटण दाबलं. सोडलं.

"गेल्या रविवारी मी बसलो होतो त्याच्याजवळ. बायको सेट बंद करायला गेली, तर म्हणाला, 'ऱ्हवांदे. गुणो येतलो.' दिवसभर चालू ठेवला."

गुणाजीने आभार मानले, ताण सोडले, सुतळी नीट गुंडाळली आणि बांबू खांद्यावर घेऊन जिना उतरू लागला. वाटेत भाऊराव भेटले, घड्याळ बघत, खुशीत.

"वेळेत आवरलंत! आज तरी कोणी गेलं नाही ना?"

"गेला."

भाऊराव हसले. मग त्यांनी गुणाजीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मागचं टोक खांद्यावर घेतलं.

दोघे सावकाश उतरत राहिले. घराघरांतून मालिकेचं संगीत सुरू झालं. देव अजिबात थरथरत नव्हते.