मावशीच्या बरगड्या

“सर, घोडीला गुदगुल्या होतात का?”

प्रश्न तोंडातून सुटला मात्र, कुंपणामागे दोन हातमोजे दोन तोंडांवर गच्च दाबले गेले. एक तोंड लांबुडीचं, दुसरं चष्मिसचं. पैज त्यांचीच होती. हा प्रश्न भर मैदानात, खणखणीत आवाजात आणि न हसता विचारायचा. विचारला तर आठवडाभर लीद त्या दोघी उचलणार, नाहीतर पुटपुट एकटी.

घोडेस्वारी शिकवणारे सर म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. त्यांना हसताना फक्त घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार काकांनी पाहिलं होतं, तेही एकदाच, आणि ती बहुतेक शिंक असावी असं खुद्द काकांचंच म्हणणं होतं. अशा माणसासमोर गेल्या वर्षीची पुटपुट उभीसुद्धा राहिली नसती. पुटपुट हे तिचं शाळेतलं नाव. हजेरीला तिचे नुसते ओठ हलायचे आणि बाई तिला गैरहजर मांडून मोकळ्या व्हायच्या. मग ती पागेत यायला लागली आणि तिला कळलं, की पाचशे किलोच्या जनावराला पुटपुटलेलं ऐकू येत नाही. “थांब” म्हणायचं तर पोटातून म्हणावं लागतं. तेव्हापासून तिचा आवाज जो सुटला तो सुटलाच. आता आई घरात म्हणायची, “अगं हळू, मी शेजारच्या खोलीत आहे, शेजारच्या गावात नाही.”

सरांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. “हातमोजे काढ,” ते म्हणाले. “लोकरीत हात घाल, बोटं फिरव. होतात का ते मला येऊन सांग.” आणि ते निघून गेले.

झालं! जिंकली! ती उड्या मारतच घोडीकडे वळली.

घोडीचं नाव मावशी. सतरा वर्षांची, बदामी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. पागेतल्या सगळ्या घोड्यांकडे ती ‘आवरलं का तुमचं?’ अशा नजरेने बघायची, म्हणून मावशी. थंडी पडली की तिच्या अंगावर अशी लोकर चढायची की बोटं पेरभर आत जावीत. पुटपुट रोज सकाळी शाळेआधी यायची, बादलीतल्या पाण्यावरचा बर्फाचा पापुद्रा फोडायची, खरारा करायची, आणि लगामाची लोखंडी कडी दोन मिनिटं स्वतःच्या काखेत धरून कोमट करायची. पहिल्या दिवशी काखेत ती गार कडी लागल्यावर तिने अशी किंकाळी फोडली होती, की शेजारचा घोडा दोन पायांवर उभा राहिला होता. पण बर्फासारखं लोखंड मावशीच्या जिभेवर ठेवायचं? छे!

तिने हातमोजे दातांनी ओढून काढले आणि लोकरीत बोटं खुपसली. आत काय ऊब होती! मग तिने बोटं मागे ओढली, आणि तिच्या बोटांना काहीतरी लागलं. एक. मग दुसरं. तिसरं, चौथं. जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत धावावं आणि एकेक गज लागत जावा, तसं.

बरगड्या.

“जिंकलीस बाई!” चष्मिस धावत आली. “पण आता उद्यापासून हं, आज माझे हात गारठलेत.”

“इथे हात घाल.”

“ई, कशाला? केवढी गुबगुबीत झालीय ती.”

“घाल म्हणते ना!”

चष्मिसने हात घातला. तिचा चष्मा नाकावरून घसरला, तो तिने सावरलाही नाही.

दिसायला मावशी खरंच गुबगुबीत होती. पण ती सगळी लोकरच होती! खाली घोडी वाळत चालली होती आणि वरून कुणालाच दिसत नव्हतं. आणि मग पुटपुटला खोगिराचा तंग आठवला. खोगीर बसावं म्हणून पोटाखालून आवळायचा तो पट्टा. हिवाळा सुरू झाला तेव्हा ती तो कसाबसा चौथ्या भोकापर्यंत ओढायची. मग पाचव्या. गेल्या आठवड्यात सहाव्या! तिने ही बातमी अख्ख्या वर्गाला सांगितली होती. घरी बाबांना दंड फुगवून दाखवला होता, “हात लावून बघा, दगड आहे दगड.” आता तिला तो दंड कुठे लपवू असं झालं. तिची ताकद वाढली नव्हती. मावशी कमी झाली होती.

“सरांना सांगायला हवं,” ती म्हणाली.

लांबुडीने तिला बाजूला ओढलं. “वेडी आहेस का? आज बुधवार. रविवारी स्पर्धा आहे.”

ते काय तिला ठाऊक नव्हतं? उड्यांची तिची पहिली स्पर्धा. पागेतून चारच जण निवडले होते आणि सरांनी फळ्यावर चौथं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पुटपुट असंच, कारण खरं नाव त्यांना आठवत नव्हतं. बाबांनी रविवारी दवाखाना बंद ठेवायचं ठरवलं होतं. आईचं ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. उड्या मारणारे बाकीचे तीन घोडे इतर तिघांना दिलेले होते. मावशी नाही, तर रविवारही नाही.

“सोमवारी सकाळी सांग,” लांबुडी म्हणाली. “चार दिवसांत काय काठी होणारे ती?”

हे इतकं शहाणपणाचं वाटलं, की पुटपुटने मान हलवली. सोमवारी. सोमवार काही फार लांब नाही. ती मावशीला ठाणावर घेऊन गेली, अंगावर झूल टाकली आणि निघताना तिच्या बुटाला काहीतरी लागून टणकन उडालं.

तो गवताचा गोळा होता. असे हिरवट, थंडीने दगड झालेले गोळे महिनाभर मावशीच्या पायाशी सापडत होते आणि या तिघी त्यांनी फुटबॉल खेळायच्या. पुटपुटच्या नावावर अकरा गोल होते. तिने गोळा उचलला, उंबऱ्यावर आपटून फोडला. आत अर्धवट चघळलेलं गवत. तेवढ्यात मावशीने गवताचा घास घेतला, एका बाजूने चावला, मान तिरकी केली, पुन्हा चावला, आणि टपकन एक ताजा, वाफाळता गोळा खाली पडला.

ती खातच नव्हती! महिनाभर बिचारी चघळून टाकत होती, आणि आम्ही गोल मारत होतो!

सोमवार वगैरे सगळं पुटपुटच्या डोक्यातून उडून गेलं. ती धावत सुटली.

“सर! मावशीच्या बरगड्या लागतायत!”

सर नाल बघत होते. मान वर न करता म्हणाले, “चांगली भरलेली आहे घोडी. तीस वर्षं घोडे बघतोय मी.”

“बघताय ना सर! बघून नाही कळत! हात लावा!”

मोतद्दार काकांच्या हातातून खरारा गळून पडला. पुटपुटचं तोंड काही मिटेना. “आणि हा गोळा बघा. आणि दुसरा अजून गरम आहे. आणि तंग सहाव्या भोकाला जातो. आधी चौथं होतं. मला वाटलं माझी ताकद वाढली.”

सरांनी मान वर केली. मग त्यांनी एक हातमोजा काढला. मग दुसरा. ते मावशीच्या ठाणावर गेले, झूल उचलली, लोकरीत हात घातला आणि एकेक बरगडी चाचपत बोटं मागे नेली.

“ताकद वाढली,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांना शिंक आली. निदान काकांनी तरी नंतर शिंकच सांगितली. मग त्यांचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला. “तुझा रविवार गेला. कळतंय ना?”

“कळतंय,” ती म्हणाली. पोटातून.

काकांनी नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटले, “आम्हीही बघतच राहिलो गं.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती पागेत पोचली तेव्हा घोड्यांच्या दातांच्या डॉक्टरबाई आलेल्या होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, कपाळावर दिवा आणि बादलीत हातभर लांब कानशी. पुटपुट बघतच राहिली. घोड्याच्या दातांना वेगळी डॉक्टर असते हेच मुळी तिला माहीत नव्हतं!

डॉक्टरबाईंनी मावशीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडा ठेवणारी लोखंडी चौकट चढवली आणि कोपरापर्यंत हात तोंडात घातला. “हं. गालाला जखम आहे. खाणार कशी?” मग त्या वळल्या. “तू का ती, सरांना ओरडणारी? ये. हात दे.”

“आत?”

“नाही, खिशात. आत! वरच्या दाढेची बाहेरची कड बघ. जपून.”

पुटपुटने हात घातला. गरम, ओला, गवताच्या वासाचा अंधार. आणि बोटाला ती कड लागली, फुटलेल्या काचेसारखी. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीने नाही! एवढ्याशा कडेने एवढी मोठी घोडी उपाशी ठेवली होती, आणि ती कड आता तिच्या बोटाखाली होती, सापडली होती!

मग कानस चालू झाली. खर्र, खर्र, खर्र. पांढरी भुकटी उडत होती, जळक्या केसांसारखा वास सुटला होता, तोंडाची वाफ सगळीकडे. लांबुडी नाक धरून पळाली. चष्मिसने डोळे मिटले. पुटपुट मात्र वाकून, दिवा कुठे पडतोय ते बघून मान बाजूला करत, मध्येच विचारत होती, “आता खालच्या दाढा ना? त्यांची आतली कड ना?”

“जिभेकडची,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बरोबर. बोट लावून सांग, गुळगुळीत झाली का?”

“अजून एक टोक आहे. इथे, मागे.”

बाईंनी स्वतः चाचपून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. “आहे खरं!”

गुंगी उतरायला तास-दीड तास लागला. तोवर काही खायला द्यायचं नव्हतं. मग काकांनी कोमट पाण्यात भिजवलेला कोंडा ठेवला. मावशीने हुंगलं, घास घेतला, थांबली. मग मावशी चावायला लागली, दोन्ही बाजूंनी, सावकाश. खाली काहीही पडलं नाही. काहीही!

“दहा दिवस खोगीर नाही,” बाई कानशी पुसत म्हणाल्या. “तीन आठवड्यांनी येते. उरलेले तेरा घोडे बघायचेत. दिवा धरायला कुणी असेल तर बरं.”

ती घरी कशी पोचली तिलाच ठाऊक नाही. सायकल चालवली की सायकलने तिला आणलं, कोण जाणे. आई-बाबा नुकतेच जेवायला बसले होते. तिच्या बाहीला पांढरी भुकटी होती आणि अंगाला जो वास येत होता, त्यामुळे आईने खुर्ची मागे सरकवली.

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बरगड्या, गोळे, सहावं भोक, सरांची शिंक, काचेसारखी कड.

“म्हणजे रविवारी…?” आई म्हणाली.

“रविवारी मी उतरत नाहीये. मावशीला हाताने फिरवायचंय, ते करणार. तुम्ही दोघांनीही या. बघण्यासारखं काही नाही, पण या.”

बाबांनी तिच्या बाहीकडे पाहिलं. बाबा दातांचे डॉक्टर. ती पाच वर्षांची होती तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती आणि ती पाच वर्षांची होती तेव्हापासून तिचं एकच उत्तर होतं: दुसऱ्याच्या तोंडात मी हात घालणार नाही, मेले तरी नाही.

“बाबा, दवाखान्यातला तुमचा तो जुना कपाळावरचा दिवा मला द्या.”

“कशाला?”

“कारण माझं ठरलंय. मी दातांची डॉक्टर होणार.”

बाबांच्या हातातला चमचा हवेतच थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं, आईने त्यांच्याकडे. बाबांचे डोळे चक्क पाणावले.

“घोड्यांच्या,” पुटपुट म्हणाली, शेजारच्या गावात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.